भाषणात राहून गेलेले यशवंतराव

मेळाव्याच्या जेवणात एका मित्राने मला विचारलं, रस्त्यात एवढे खड्डे असताना नाटकाला सरकारी अनुदान कशाला? मी लातूरला हौशी नाटकं करतो, म्हणून टोमणा मलाच. तेव्हा हातात जिलेबी होती, उत्तर राहून गेलं.

नववीत वक्तृत्व स्पर्धेत मी यशवंतराव चव्हाणांवर बोललो होतो, सरांना आठवत असेल. 1913 साली देवराष्ट्र्यात जन्म, वडील लवकर गेले, आई विठाबाईंनी हालअपेष्टा सोसून कराडला शिकवलं, विद्यार्थिदशेतच तुरुंगवास, 1984 मध्ये निधन. सगळं पाठ होतं. घंटा वाजली आणि नेमकं महत्त्वाचं राहिलं.

आपल्या नांदेड-लातूरकडच्या आजोबांनी निजामाच्या राज्यात उर्दूतून शाळा केली. सभा घ्यायची तर परवानगी लागे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच दिवशी यशवंतराव मुख्यमंत्री झाले. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघालं. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी त्यांनी साहित्य संस्कृती मंडळ काढलं. धरणं, शाळा, रस्ते, सगळंच व्हायचं होतं. तरी कोश आणि ग्रंथांसाठी तिजोरी उघडली. अध्यक्षपदी मंत्री नव्हे, वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. मराठी विश्वकोशाचं काम तिथेच सुरू झालं. पहिला खंड यायला 1976 उजाडलं, पण पैसा थांबला नाही. पुढे मंडळाच्या नवलेखक अनुदानातून कितीतरी पोरांची पहिली पुस्तकं निघाली.

मग पैसा सरकारचा म्हणून लेखकाने मिंधं व्हायचं का? 1975 च्या कराड साहित्य संमेलनात यशवंतराव स्वागताध्यक्ष होते आणि आणीबाणीतल्या सरकारात मंत्रीही. अध्यक्षा दुर्गा भागवतांनी त्यांच्यादेखत जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. संमेलन पार पडलं. यशवंतरावांनी मात्र मंत्रिपद सोडलं नाही, आणि पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. हे मला आजही खटकतं. नववीत माहीत असतं, तर बक्षिसाच्या लोभाने मी ते गाळलंच असतं.

राज्य नाट्य स्पर्धा अजूनही सरकारच भरवतं, म्हणून आमच्यासारख्यांना परीक्षक आणि प्रेक्षक मिळतात. लातूर केंद्रावर आमचा प्रयोग लागला की कळवतो. त्या मित्राने पहिल्या रांगेत बसावं, तिकीट माझ्याकडून.