ग्रंथांचा कैवारी मुद्रक : विल्यम ब्लेड्स

आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतून वाडवडिलांच्या वेळच्या शिळाछाप पोथ्या तांबड्या फडक्यात बांधून फडताळात ठेविलेल्या असतात. त्यांचे पुढे काय करावे, हा विचार ज्यांच्या मनात कधी आला असेल, त्यांस या इंग्रज मुद्रकाचे चरित्र परके वाटणार नाही.

विल्यम ब्लेड्स यांचा जन्म इ. स. १८२४ मध्ये लंडननजीक क्लॅपम येथे झाला. वडिलांचा छापखाना होता. १८४० साली तेथेच ते उमेदवारीस लागले आणि पुढे त्याचे चालक झाले. इंग्लंडात मुद्रणकला आणणारा विल्यम कॅक्स्टन हे त्यांचे आराध्यदैवत. कॅक्स्टनने १४७६ च्या सुमारास वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. परंतु त्याच्या पुष्कळ ग्रंथांवर साल छापलेले नाही. ब्लेड्स यांनी ठिकठिकाणची ग्रंथालये पालथी घालून उपलब्ध प्रती स्वतः पाहिल्या आणि खिळ्यांची वळणे व त्यांची झीज तपासून ग्रंथांचा क्रम लाविला. शाईत हात बुडविलेल्या माणसासच हे साधावे! त्यांचे कॅक्स्टन-चरित्र १८६१ ते १८६३ या काळात दोन खंडांत प्रसिद्ध झाले.

या भ्रमंतीत ग्रंथांची दैना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. लंडनमधील एका फ्रेंच प्रॉटेस्टंट देवळात कॅक्स्टनने छापलेल्या सचित्र चॉसरची पाने शेगडी पेटविण्यासाठी एकेक करून फाडली जात होती. १८५८ साली सेंट ऑल्बन्स येथील शाळेच्या जुन्या ग्रंथसंग्रहात, इतर पुस्तकांवर आडवा टाकलेला एक ग्रंथ त्यांच्या हाती आला. त्यावर ओलसर, चिकट धुळीचा थर होता. पाठीचा बराच भाग पाण्याने कुजलेला होता, आणि तो उघडताच कुजक्या कागदाचे पांढरे गोळे जमिनीवर पडू लागले. तो होता कॅक्स्टनने छापलेला, चॉसरने इंग्रजीत आणलेला बोइथिअसचा ग्रंथ! बांधणीही कॅक्स्टनच्याच कारखान्यातील असून कडा छाटलेल्या नव्हत्या.

असा ग्रंथ एखाद्या सामान्य बाइंडरच्या हाती जाता, तर त्याने जुने पुठ्ठे रद्दीत टाकून, कडा सारख्या छाटून, नवे कातडे चढवून दिले असते. आणि मालकही संतुष्ट झाला असता. येथे मात्र पुठ्ठ्यांचे थर सोडवून पाहण्यात आले. ते पुठ्ठे लाकडाचे नसून कॅक्स्टनच्या छापखान्यातील वाया गेलेले कागद एकावर एक चिकटवून केलेले निघाले. त्यांतून अर्ध्या तावाचे ५६ छापील कागद मिळाले आणि कॅक्स्टनची तोपर्यंत सर्वस्वी अज्ञात असलेली ३ पुस्तके उजेडात आली. एवढ्या लाभासाठी मूळ बांधणी मात्र मोडावी लागली. आजचा जीर्णोद्धारक असे पुठ्ठे सोडविण्यापूर्वी फार विचार करील. पण त्या ५६ कागदांवाचून ती ३ नावे कळली असती काय, हेही सांगवत नाही. तो ग्रंथ पुढे ब्रिटिश म्युझियमकडे गेला.

१८८० साली त्यांनी ग्रंथांच्या शत्रूंवर एक छोटे पुस्तक लिहिले. अग्नी, पाणी, दिव्याच्या गॅसची उष्णता, धूळ, किडे यांच्या पंक्तीस त्यांनी बाइंडरांनाही बसविले! समासाची अशी निर्दय छाटणी त्यांनी पाहिली होती की, काही ग्रंथांत अक्षरेच कापली गेली होती. ग्रंथ खाणाऱ्या किड्याविषयी त्यांस इतके कुतूहल की, १८७९ च्या डिसेंबरात एका बाइंडरने पाठविलेला जिवंत किडा त्यांनी पेटीत ठेविला आणि त्यास बोइथिअसच्याच जुन्या कागदाचे तुकडे व सतराव्या शतकातील एका पुस्तकाचे पान खावयास घातले. एवढ्या मेजवानीतून त्याने त्या पानाचा लहानसा तुकडा तेवढा खाल्ला आणि सुमारे ३ आठवड्यांत तो मरण पावला.

ब्लेड्स १८९० साली निवर्तले. मुद्रणविषयक ग्रंथांचा त्यांचा मोठा संग्रह विखुरला जाऊ न देता लंडनच्या फ्लीट स्ट्रीटजवळील सेंट ब्राइड संस्थेने घेतला, आणि १८९५ मध्ये तेथील ग्रंथालय मुद्रणाच्या अभ्यासकांस खुले झाले.