सहनशील प्रीतीचा धडा: संत जोसेफ वाझ यांचें चरित्र



संत पौलानें प्रीतीचीं लक्षणें सांगतांना सहनशीलतेला पहिलें स्थान दिलें आणि दयाळूपणाला दुसरें. ज्याला धीर धरतां येत नाहीं, त्याची दया चार दिवसांत आटून जाते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत ज्या साधुपुरुषाचें चरित्र मी आपणांपुढें ठेवीत आहें, त्यांच्या आयुष्यांत हे दोन्ही गुण याच क्रमानें दिसून येतात.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं गोमंतकांत, बाणावली या त्यांच्या आजोळच्या गांवीं झाला. त्यांच्या वडिलांचें गांव सांकवाळ. सहा भावंडांत ते तिसरे. पोर्तुगीज व लॅटिन या भाषा शिकून त्यांनीं पुढें जुन्या गोव्यांत धर्मशास्त्राचें अध्ययन केलें आणि १६७६ सालीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली. कांहीं वर्षें त्यांनीं कानडा मुलखांत ख्रिस्ती लोकांची सेवा केली. १६८५ सालीं ते गोव्यांतील देशी धर्मगुरूंच्या एका लहानशा मंडळींत सामील झाले. हीच मंडळी पुढें संत फिलिप नेरी यांच्या ओरॅटरीच्या नियमानें चालूं लागली.

परंतु त्यांचें मन सिलोनकडे लागलें होतें. डच लोकांनीं १६५८ सालीं जाफना जिंकून घेतलें व कॅथोलिक धर्मगुरूंस तेथें बंदी केली. तेव्हांपासून जवळजवळ तीस वर्षें तेथील भाविक मेंढपाळावांचून होते. १६८७ सालीं फादर वाझ एका सेवकासह, गरीब मजुराच्या वेषांत जाफन्यास उतरले. खडतर प्रवासामुळें त्यांना आमांशानें गांठलें. परक्या देशांत, ओळखीचें कोणी नसतां, ते मरणाच्या दारीं जाऊन आले. बरे झाल्यावर गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागूं लागले, आणि त्या जपमाळेच्या खुणेवरून त्यांनीं एकेक ख्रिस्ती घर शोधून काढिलें. रात्रीं मिस्सा होई व दिवसा त्यांना लपून राहावें लागे.

१६९२ सालीं ते बेटाच्या मध्यभागीं कँडीच्या राज्यांत गेले. तेथील राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध होता. फादर वाझ हे पोर्तुगीजांचे हेर आहेत, असा आळ घेऊन त्यांना कैदेंत टाकण्यांत आलें. तेथें त्यांनीं काय केलें? ते सिंहली भाषा शिकले. ज्या लोकांनीं आपणांस कोंडलें, त्यांच्याशींच एक दिवस बोलावयाचें आहे, या विश्वासानें जो माणूस त्यांची भाषा शिकत बसतो, त्याची सहनशीलता नुसती सोसण्यापुरती नव्हती. ती कामाला लागलेली होती. पुढें हळूहळू बंधनें सैल झालीं.

१६९७ सालीं कँडींत देवीची सांथ आली. राजा शहर सोडून गेला, धनवानही गेले. भयानें लोकांनीं आपल्याच आप्तांना रानांत टाकून दिलें. फादर वाझ व त्यांचे भाचे फादर कार्वाल्यो मात्र मागें राहिले. टाकलेल्या रोग्यांसाठीं त्यांनीं आसरे उभारिले; ते त्यांना अन्न भरवीत, व्रण धूत आणि मेलेल्यांना मूठमाती देत. रोगी ख्रिस्ती कीं बौद्ध, ही चौकशी त्यांनीं केली नाहीं. हें काम सुमारें वर्षभर चाललें. पहिल्या दिवशीं व्रण धुणें उत्साहानें होतें. शंभराव्या दिवशीं तें केवळ प्रीतीनेंच होतें. ज्याला हेर म्हणून कोंडिलें होतें, त्याला राजानें यापुढें धर्मकार्याची मोकळीक दिली.

१६ जानेवारी १७११ रोजीं कँडींतच त्यांनीं देह ठेविला. गोव्यास ते पुन्हा परतले नाहींत. पोप जॉन पॉल दुसरे यांनीं १९९५ सालीं त्यांना धन्य म्हणून घोषित केलें व १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांना संतपद दिलें.

बंधुभगिनींनो, देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. परंतु टाकून दिलेला रोगी नाहींसा झालेला नाहीं. एकच गोष्ट दहा वेळां विचारणारी अंथरुणावरील सासू. दारूच्या पायीं घरानें नांव टाकलेला मुलगा. शेताच्या बांधावरून अबोला धरलेला सख्खा भाऊ. ऊंसतोडणीच्या हंगामांत कोपींत तापानें फणफणणारें परक्याचें लेंकरूं. हे सर्व आपल्या कोपरगांव परिसरांतच आहेत, गोदावरी ओलांडण्याचीही गरज नाहीं. त्यांच्याकडे एकदां जाणें सोपें आहे. परत परत जाणें हीच परीक्षा. अबोला धरलेल्या भावाच्या दारीं गेलों आणि त्यानें दार उघडलें नाहीं, तर पुढच्या रविवारीं पुन्हा जावें. ज्या दाराशीं आपण थकून थांबलों, त्याच दारीं फादर वाझ आणखी एकदां गेले असते.

ज्युबिलीच्या मिस्सेपूर्वीं प्रत्येकानें असें एक दार मनांत निश्चित करावें. संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीनें प्रभु येशू आपणां सर्वांस थकवा न जाणणारी प्रीति देवो. आमेन.