प्रमाण मागणारे गोरेशास्त्री

नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळच्या काशीपुऱ्यात, चित्पावन घराण्यात झाला. वाढले मात्र काशीत. घरी मराठी, बाहेर हिंदी. आपल्या बुऱ्हाणपूरकरांना हे काही समजावून सांगायला नको.

मिशनऱ्यांना वादात हरवायचं, म्हणून ते स्वतःच त्यांच्याकडे गेले. जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या पुस्तकाला त्यांनी ऐन विशीत 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहून उत्तर दिलं. पण खंडनासाठी हातात घेतलेलं बायबल काही सुटेना. १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा झाला, नाव मिळालं नेहेम्या. त्याची किंमत जबर होती. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई लेकीच्या जन्मानंतर लवकरच गेल्या आणि ती लेक, एलन, परक्या घरी वाढली. (पुढे तिची इंग्रजी भक्तिगीतं गाजली.)

१८५४ मध्ये ते महाराजा दुलीपसिंगांसोबत इंग्लंडला जाऊन आले. १८६० मध्ये हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहिलं. लोक त्यांना याच ग्रंथामुळे ओळखतात, पण मला त्यांचा पुढचा प्रवास जास्त ओढतो.

शास्त्र्याची प्रमाण मागायची सवय थोडीच सुटते? बायबल प्रमाण, कबूल. पण त्याचा अर्थ लावायचा कुणी? ज्यानं त्यानं आपापला? इंग्लंडात ऑक्सफर्डच्या काही पंडितांनी १८३३ पासून हाच प्रश्न उचलून पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांचे ग्रंथ पुन्हा वाचायला काढले होते. प्रॉटेस्टंट मिशनमधून आलेले गोरेही त्याच वाटेनं प्राचीन मंडळीकडे वळले. १८७० मध्ये कलकत्त्यात त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १८७६ मध्ये ते ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या संन्यस्त संघात दाखल झाले. तरी मनातल्या शंका पाठ सोडत नव्हत्या.

पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती श्रद्धा बुद्धीला पटली ती बरीचशी गोऱ्यांच्या लेखनामुळे. येशूच्या देवत्वाबद्दल त्या अडल्या, तेव्हाही त्यांनी सविस्तर लिहून समजावलं. पण मंडळीची परंपरा हेच प्रमाण, हे बाईंनी काही मानलं नाही. त्या गोऱ्यांच्याही मागे, थेट मुळाशी गेल्या: हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं. दोघंही मूळच शोधत होते. मूळ कुठे, यावर मात्र एकमत नव्हतं.

गोरे १८९५ साली मुंबईत वारले. रमाबाईंचं संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडलं. तोवर त्याही गेल्या होत्या.