बखळीतली बाग : सर पॅट्रिक गेडिस

राजेरजवाड्यांनी लावलेल्या बागा आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातल्या आहेत. बडोद्याची विश्वामित्रीकाठची सयाजीबागच घ्या. जागा ऐसपैस, खजिना भरलेला आणि हुकूम एकाचा. पॅट्रिक गेडिस यांच्यापाशी यातले काहीच नव्हते. त्यांनी बागा केल्या त्या बखळींत, म्हणजे घर पडून गेल्यावर उरलेल्या आणि शेजारपाजारच्यांनी उकिरडा करून टाकलेल्या जागांत. पुढे हाच माणूस आपल्या इंदुरात आला आणि एका दिवाळीत त्याने अख्खे शहर झाडून काढायला लावले. इंदूरच्या नगररचनेविषयी बोलताना गेडिस यांचे नाव अजूनही निघते, पण माणूस फारसा कोणाला ठाऊक नसतो.

2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या गावी त्यांचा जन्म झाला. बालपण पर्थ शहराकडेच्या टेकडीवरल्या छोट्या घरात गेले. वडील पलटणीतले, पण बागकामाचे वेडे. मुलगा त्यांच्या मागे मागे वाफे खणत वाढला. लंडनला थॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्र शिकले. 1879 मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असता डोळे बिघडले आणि कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत बसून राहावे लागले. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करणे आता जमण्यासारखे नव्हते. मग पेशीकडून त्यांची नजर वळली ती सजीवांच्या वस्तीकडे, आणि माणसांची वस्ती म्हणजे शहर. पुढे 1888 पासून तीस वर्षे ते डंडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, पण त्यांचा जीव एडिंबरोच्या जुन्या गावठाणात गुंतलेला.

हे गावठाण किल्ल्याच्या उतारावर वसलेले. उंचच उंच इमारती, मध्ये हातभर रुंदीचे बोळ, एकेका खोलीत एकेक कुटुंब. ज्यांना परवडले ते केव्हाच नव्या शहरात राहायला गेले होते. 1886 मध्ये गेडिस यांचे ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले आणि थोड्याच दिवसांत हे जोडपे उलट्या दिशेने, त्या गलिच्छ वस्तीतल्या जेम्स कोर्टमध्ये बिऱ्हाड करायला आले. प्राध्यापकाने आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याच्या मुलीने असे काही करणे म्हणजे लोकांच्या दृष्टीने वेडेपणाच होता. त्यांनी व्याख्याने दिली नाहीत. आधी स्वतःचा जिना धुतला, भिंतीला चुना लावला, खिडकीत फुलझाडे ठेवली, आणि मग शेजाऱ्यांना हाताशी धरले.

1910 च्या सुमारास त्यांच्या मंडळींनी गावठाणातली प्रत्येक रिकामी जागा पायी हिंडून नोंदवली. पंचाहत्तर जागा निघाल्या. सगळ्या मिळून साधारण दहा एकर! गजबजलेल्या, श्वास कोंडलेल्या वस्तीत दहा एकर जमीन कोणाच्याही लेखी नव्हती, कारण ती तुकड्या-तुकड्यांनी पडली होती आणि तिच्यावर कचरा होता. त्यांतल्या जमतील त्या जागा मिळवून, राडारोडा उपसून, उतारावर पायऱ्या-पायऱ्यांचे वाफे बांधून बागा केल्या गेल्या. आराखडे बहुतेक त्यांची मुलगी नोरा हिने काढले. काही वर्षांत दहाएक बागा उभ्या राहिल्या.

गेडिस यांचे वेगळेपण इथे आहे. त्या काळचे सुधारक दाट वस्ती दिसली की सरळ रस्ता आखायचे आणि आड येईल ते पाडायचे. ज्याचे घर गेले तो पुढच्या बोळात आणखी दाटीने राहायचा. गेडिस म्हणत, कुशल शल्यवैद्य कापतो थोडेच. मोडकळीला आलेली दोन घरे काढा, बखळ साफ करा, तिथे एक झाड लावा, बाकीच्यांना राहू द्या. यात खर्च कमी येतो हे खरे, पण राखणदारी मात्र कायमची लागते, आणि ती वस्तीतल्या माणसांनीच करावी लागते.

1914 मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या आमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन, म्हणजे जन्मभर जमवलेले नकाशे आणि चित्रे, मागून बोटीने येत होते. ती बोट एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडवली. मित्रांनी धावाधाव करून नवे साहित्य पाठवले आणि काम सुरू झाले. बडोद्यासह अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले. दिवसच्या दिवस गल्ल्यांतून पायी फिरत. विहिरीची, पारावरच्या पिंपळाची, अंगणातल्या तुळशीची नोंद घेत. हिवताप हटवायचा म्हणून तळी बुजवू पाहणाऱ्या इंजिनिअरांशी भांडत. तळ्यात मासे आणि बदके सोडा, डासांची अळी तीच खातील, असे त्यांचे म्हणणे होते.

1917 साल मात्र काळ बनून आले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलिस्टर फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. तार आली तेव्हा ॲनाबाई तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी ती बातमी पत्नीला कळू दिली नाही. जूनमध्ये कलकत्त्याला त्यांनीही डोळे मिटले, मुलगा जिवंत आहे याच समजुतीत. एकतीस वर्षांचा संसार जेम्स कोर्टच्या जिन्यापासून सुरू झाला होता.

त्याच वर्षीच्या दिवाळीत गेडिस इंदुरात होते. गादीवर तिसरे तुकोजीराव होळकर. शहरात प्लेगाची भीती, आणि नकाशे घेऊन फिरणारा हा साहेब आपली घरे पाडायला आलाय असा लोकांचा पक्का समज. गेडिस यांनी दरबाराकडे दिवाळीपुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला, असे ते पुढे सांगत. दवंडी पिटली गेली : दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या वाटेने जायची नाही, ज्या भागातली घरे सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील तिथून जाईल. कचरा फुकट उचलला जाईल. आळ्या-आळ्यांत चुरस लागली. हजारो गाड्या कचरा निघाला, हजारो उंदीर पिंजऱ्यात पडले.

मिरवणुकीत हत्ती, घोडे, वाजंत्री होतीच. पण त्यांच्यामागे घाणीचा प्रचंड राक्षस आणि प्लेगाचा अक्राळविक्राळ उंदीर होता. आणि त्यानंतर आले शहराचे सफाई कामगार, पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून, रंगवलेल्या शिंगांचे बैल जोडलेल्या गाड्यांसह. ज्यांच्या सावलीलाही लोक टाळत, त्यांना त्या दिवशी रस्त्याने मान दिला. शेवटी फळे, भाज्या, फुले आणि गाडेभर तुळशीची रोपे वाटली गेली. राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. प्लेग ओसरला. ऋतुमान बदलल्यानेही ओसरला असेल, पण साहेबाविषयीची भीती नक्कीच गेली.

1918 मध्ये इंदूर दरबारला त्यांनी दोन खंडांचा अहवाल सादर केला. नदीकाठ उकिरड्यासाठी नाही, बागांसाठी आहे; मैला नदीत सोडू नका, खत म्हणून मातीला द्या, हा त्याचा गाभा. काही वर्षांनी याच शहरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत सिद्ध केली आणि ती जगभर गेली. अहवालातले थोडे झाले, बरेच कागदावर राहिले. खान नदीचे काय झाले ते पुलावरून जाताना नाकाला कळत आलेच आहे.

1919 ते 1924 गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनीच हेरले आणि विलायतेला पाठवले. पुढे त्यांची गादी घुर्ये यांनी चालवली. शेवटची वर्षे गेडिस फ्रान्समध्ये माँपेलिए शहराबाहेर राहिले. तिथल्या खडकाळ माळावरही त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आणि बाग उभी केली. 1932 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी 17 एप्रिल रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

एडिंबरोच्या त्या बागांपैकी कित्येक काळाच्या ओघात गेल्या. किल्ल्याच्या पायथ्याशी जॉन्स्टन टेरेसवरची एक अजून आहे. निसर्ग राखणाऱ्या एका संस्थेकडे ती सोपवलेली असून त्या संस्थेच्या सगळ्या राखीव जागांत ती सर्वांत लहान आहे.