कवितेचा मास्तर : थिओडोर रेट्की

कविता शिकवता येते का, हा वाद आपल्या वर्गांतून अधूनमधून निघतो. समोर नेमलेले पुस्तक असते, रसग्रहणाचा प्रश्न असतो आणि मागच्या बाकावर कुणीतरी वहीच्या शेवटच्या पानावर चोरून कविता लिहीत असतो. विसाव्या शतकात अमेरिकेतील विद्यापीठांनी या चोरट्या उद्योगालाच तासिका आणि परीक्षा देऊन टाकली. तिथल्या ज्या कवींनी हे अध्यापन पोटापाण्याचे काम न मानता जिवाचे काम मानले, त्यांत थिओडोर रेट्कीचे नाव फार वर आहे.

रेट्कीचा जन्म २५ मे १९०८ रोजी मिशिगन राज्यातील सॅगिनॉ या गावी झाला. घराणे मूळचे जर्मन. वडील ऑटो आणि काका चार्ल्स यांचा फुलांचा मोठा व्यवसाय होता. सुमारे पंचवीस एकरांचा पसारा आणि त्यात मोठमोठी काचघरे. बाहेर बर्फ पडत असताना आत गुलाब आणि ऑर्किड फुलत. ओली माती, मुळे, खत आणि शेवाळ यांच्या वासात हा मुलगा वाढला. वडील कडक शिस्तीचे. त्यांचे प्रेम आणि धाक दोन्ही त्याच्या मनात कायमचे राहिले. पुढे भावाभावांत बिनसले, काचघरे विकली गेली. १९२३ साली काकांनी आत्महत्या केली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वडील कर्करोगाने गेले. तेव्हा थिओडोर अवघा चौदा वर्षांचा होता.

१९२९ मध्ये मिशिगन विद्यापीठाची पदवी त्याने घेतली. कायद्याचा अभ्यास करून पाहिला, पण मन रमले नाही. काही काळ हार्वर्डला काढला. मंदीचे दिवस आले आणि शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली. १९३१ पासून लाफायेट महाविद्यालयात तो इंग्रजी शिकवू लागला आणि जोडीला टेनिसचा प्रशिक्षकही झाला. धिप्पाड देहाचा हा माणूस वर्गात मात्र हळवा आणि अस्वस्थ असे. हालचालीचे वर्णन कसे करावे हे शिकवताना एकदा तो वर्गाच्या खिडकीतून बाहेर पडला, भिंतीच्या कडेवरून सरकत खिडकीखिडकीतून मुलांना वेडावून दाखवू लागला आणि जे दिसते ते लिहा, असे त्याने वर्गाला सांगून ठेवले होते. हा किस्सा ऐकून हसू येते. पण त्याच्या आयुष्यात गंमत आणि आजार यांच्यामधली भिंत फार पातळ होती. १९३५ मध्ये मिशिगन स्टेट महाविद्यालयात रुजू झाल्यावर काही महिन्यांतच त्याचे मानसिक संतुलन ढळले, रुग्णालयात राहावे लागले आणि ती नोकरी गेली. उन्माद आणि विषण्णता यांचे हे झटके पुढे जन्मभर येत राहिले.

१९३६ मध्ये तो पेन्सिल्व्हेनिया स्टेट महाविद्यालयात गेला. १९४१ मध्ये 'ओपन हाऊस' हा पहिला संग्रह निघाला. कविता नीटस, घोटीव, छंदोबद्ध होत्या. समीक्षकांनी कौतुक केले. पण ज्या काचघरात त्याचे बालपण गेले, ते काचघर या कवितांत जवळजवळ नव्हतेच. १९४३ मध्ये बेनिंग्टन महाविद्यालयात त्याला केनेथ बर्क हा समीक्षक सहकारी म्हणून भेटला. काचघरावरच्या नव्या कविता बर्कने वाचल्या आणि हीच वाट धर म्हणून त्याला बळ दिले. १९४८ च्या 'द लॉस्ट सन' या संग्रहात त्या आल्या आणि रेट्कीचा स्वतःचा आवाज लोकांनी प्रथम ऐकला. चाळिशीला टेकल्यावर तो आपल्या अंगणात परत आला होता!

१९४७ पासून अखेरपर्यंत तो सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवीत होता. त्याचा वर्ग म्हणजे गवयाची तालीमच. आधी कान तयार व्हायला हवा, हा त्याचा आग्रह. कविता मोठ्याने वाचायच्या, पाठ करायच्या, छंद मोजायचे, जुन्या-नव्या कवींच्या धर्तीवर लिहून पाहायचे. नामे, क्रियापदे आणि विशेषणे यांच्या याद्या देऊन, त्यांतली प्रत्येकी पाच वापरून ठरावीक नियमांत कविता लिहा, अशा जातीचा प्रश्न तो परीक्षेत घाली. नियम सांभाळण्यात मन गुंतले की नको ते मोठेमोठे विचार बाजूला पडतात आणि शब्द आपली वाट काढतात, हे त्यामागचे मर्म त्याचा विद्यार्थी रिचर्ड ह्यूगो याने पुढे आपल्या पुस्तकात उलगडून सांगितले.

नक्कल हा आरोप खुद्द रेट्कीवरही होता. त्याच्या उत्तरकाळच्या कवितांत येट्सचा सूर फार ऐकू येतो, अशी टीका होई. १९५९ मध्ये त्याने एक निबंधच लिहिला आणि थोरांच्या धर्तीवर लिहिणे हा शिकण्याचा खरा मार्ग आहे, अशी बाजू मांडली. मात्र या पद्धतीत धोका होता. त्याचे स्वतःचे व्यक्तिमत्त्व इतके जबर होते की कित्येक विद्यार्थी त्याच्यासारखेच लिहू लागत आणि त्यातून सुटायला त्यांना वर्षे लागत. जे सुटले ते मोठे झाले. जेम्स राईटला १९७२ मध्ये आणि कॅरोलिन कायझरला १९८५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. ह्यूगो विमानांच्या कारखान्यात नोकरी करीत लिहीत राहिला आणि नंतर स्वतः कवितेचा नामांकित शिक्षक झाला.

मानही आले. १९५४ मध्ये 'द वेकिंग'साठी पुलित्झर, १९५९ मध्ये राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार. १९५३ मध्ये बेनिंग्टनची त्याची जुनी विद्यार्थिनी बिॲट्रिस ओ'कॉनेल हिच्याशी त्याने लग्न केले. लग्नापूर्वी आजाराविषयी तो तिच्याशी बोलला नव्हता. तरी तिने साथ सोडली नाही. आजारपणाच्या रजा वाढल्या तेव्हा विद्यापीठाच्या वरिष्ठांपुढे त्याची बाजू विभागप्रमुख रॉबर्ट हाइलमन यांनी लेखी मांडली. असा शिक्षक रजेवर असूनही विद्यापीठाला हवा, असे ठामपणे म्हणणारा वरिष्ठ मिळणे हे भाग्यच.

१ ऑगस्ट १९६३ रोजी बेनब्रिज बेटावर स्नेह्यांच्या पोहण्याच्या तलावात हृदयविकाराने त्याचा अंत झाला. वय पंचावन्न. 'द फार फील्ड' हा अखेरचा संग्रह १९६४ मध्ये, त्याच्या मागे निघाला. तो तलाव पुढे बुजवला गेला आणि त्या जागी वाळू-दगडांची जपानी धर्तीची बाग झाली.

कविता शिकवता येते का, याचे उत्तर रेट्कीच्या आयुष्यात दोन तऱ्हांनी मिळते. कान, छंद आणि मेहनत या गोष्टी त्याने वर्षानुवर्षे वर्गात शिकवल्या आणि त्या शिकता येतात हे त्याच्या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले. पण काचघर त्याला कोणत्याही वर्गाने दिले नाही. ते त्याचे त्यालाच आठवावे लागले, आणि त्यासाठी वडिलांच्या मृत्यूनंतर वीस वर्षे जावी लागली. मागच्या बाकावर लिहिणाऱ्या आपल्या मित्रांनी हे ध्यानात ठेवावे. मास्तर तालीम देईल. काचघर ज्याचे त्याने शोधायचे असते.