अक्षरदाता लुई ब्रेल

फ्रान्सची राजधानी पॅरिस हिच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर कूव्रे नावाचे एक लहानसे खेडे आहे. या खेड्यात सिमाँ-रने ब्रेल नावाचा एक जिनगर राहत असे. घोड्यांची खोगिरे, लगाम आणि साज तयार करून तो आपल्या कुटुंबाचे पोषण करी. त्याच्या घरी ४ जानेवारी १८०९ रोजी चौथे अपत्य जन्मास आले. हाच लुई ब्रेल होय.

वडिलांच्या कामाची जागा हे लुईचे आवडते ठिकाण. चामड्याचे तुकडे, सुऱ्या, दाभण, आरी यांचे त्याला मोठे कुतूहल वाटे. तो तीन वर्षांचा असताना एके दिवशी वडिलांचे लक्ष नाही असे पाहून त्याने आरी उचलली व चामड्याला भोक पाडण्याचा खेळ तो करू लागला. इतक्यात आरी निसटली आणि डोळ्यात घुसली. त्या काळी अशा जखमेवर खात्रीचा उपाय नव्हता. जखम चिघळली; तिचा दोष दुसऱ्या डोळ्यासही लागला आणि पाचव्या वर्षी लुईच्या जगात कायमचा अंधार झाला.

त्या काळी गरीब घरातील अंध मुलाच्या नशिबी बहुधा भीक मागणे तरी येई, नाही तर घराच्या कोपऱ्यात बसून राहणे. परंतु लुईचे आईबाप शहाणे होते. त्यांनी मुलाला कोपऱ्यात बसविले नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली व गावच्या वाटा ओळखण्यास शिकविले. गावचे धर्मगुरू त्याला शिकवू लागले आणि पुढे शाळामास्तरांनी त्याला इतर मुलांबरोबर वर्गात बसू दिले. लुई ऐकलेले सारे ध्यानात ठेवी आणि डोळस मुलांच्या बरोबरीने उत्तरे देई. तथापि इतर मुले पुस्तके उघडून वाचू लागली, की त्याला मात्र स्वस्थ बसून राहावे लागे.

पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी एक शाळा होती. व्हॅलेंटिन आउई या सज्जनाने ती अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन केली होती. १८१९ साली, दहा वर्षांचा असताना, लुई तेथे दाखल झाला. या शाळेत अंधांनी वाचावयाची पुस्तके होती खरी; परंतु ती नेहमीचीच अक्षरे जाड कागदावर उठावदार छापून केलेली होती. एकेका अक्षराच्या वळणावरून बोट फिरवावे, ते कोणते हे ओळखावे आणि मग पुढे सरकावे, असा तो क्रम. वाक्याच्या शेवटास पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरून जाई. पुस्तके अवजड व महाग, म्हणून संख्येनेही मोजकी. शिवाय त्या पद्धतीने अंधास स्वतःच्या हाताने लिहिणे जवळजवळ अशक्यच होते. लुईच्या मनास ही उणीव सतत टोचू लागली.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिये नावाच्या एका माजी सेनाधिकाऱ्याची लेखनपद्धती शाळेत आली. तीत अक्षरांऐवजी कागदावर उठविलेली टिंबे होती. बोटाला रेषेपेक्षा टिंब लवकर कळते, हे लुईच्या तत्काळ ध्यानात आले. पण या पद्धतीतही दोष होते. एका खुणेसाठी बारापर्यंत टिंबे लागत. ती बोटाच्या अग्राखाली एकदम मावत नसत. तसेच ती खूण केवळ उच्चाराची असे. तिच्यामुळे शुद्धलेखन, विरामचिन्हे किंवा अंक यांची सोय होत नसे.

लुई त्या वेळी बारा-तेरा वर्षांचा होता. दिवसाचे पाठ आटोपले, की तो कागद व टोचा घेऊन बसे. टिंबे कमी करावी, मांडून पाहावी, मोडावी, पुन्हा मांडावी, असा त्याचा उद्योग अनेक महिने चालला. अखेर १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याला हवे होते ते गवसले. बारा टिंबांच्या जागी त्याने सहाच टिंबे घेतली : तीन तीन टिंबांच्या दोन उभ्या ओळी. एवढी खूण बोटाच्या एकाच स्पर्शात कळते. या सहांपैकी काही टिंबे उठवावयाची व काही सोडावयाची, अशा रीतीने ६३ निरनिराळ्या खुणा होतात. तेवढ्यात अक्षरे, अंक, विरामचिन्हे, फार काय संगीताचे स्वरही सामावतात. लिहिताना खाचांच्या पट्टीखाली कागद धरून टोच्याने उजवीकडून डावीकडे टिंबे पाडावयाची. कागद उलटला, की ती वर येतात व डावीकडून उजवीकडे वाचता येतात. ज्या हत्याराने लुईची दृष्टी नेली, त्याच जातीच्या अणकुचीदार साधनाने त्याने अंधांना अक्षर दिले.

पुढे लुई त्याच शाळेत शिक्षक झाला. तो उत्तम ऑर्गन वाजवी. पॅरिसमधील चर्चमध्ये त्याने वादकाचे काम केले. १८२९ साली त्याने आपल्या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले.

विद्यार्थ्यांना ही लिपी अतिशय आवडली. परंतु सर्वच डोळस शिक्षकांना ती रुचली नाही. अंधांनी इतरांसारखीच अक्षरे वाचावी, निराळी लिपी दिल्यास ते समाजापासून तुटतील, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप वरवर पाहता खोटा नव्हता. पण सारखेपणाच्या त्या आग्रहात एक मोठी चूक होती. अक्षराचा आकार सारखा असणे महत्त्वाचे, की वाचण्याची संधी सारखी असणे महत्त्वाचे? आणि याचा निर्णय ज्यांच्या बोटांनी वाचावयाचे, त्यांना न विचारता कसा व्हावा? लुईलाही समाजापासून तुटणे नको होते. म्हणून तर त्याने डोळसांना वाचता येतील अशी नेहमीची अक्षरे टिंबांनी लिहिण्याची एक वेगळी रीत १८३९ साली प्रसिद्ध केली.

१८४० साली शाळेवर द्यूफो हे नवे प्रमुख आले आणि सहा टिंबांच्या लिपीस शाळेत बंदी झाली. मुलांनी मात्र ती सोडली नाही. ती चोरून लिहीत आणि एकमेकांना शिकवीत. लुईने कोणाशी भांडण केले नाही. क्षयाने त्याचे शरीर पोखरले होते, तरी तो शिकवीत राहिला. पुढे शाळेचे सहायक अधिकारी जोझेफ ग्वादे यांनी या लिपीचे गुण ओळखले व प्रमुखांचे मन वळविले. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी शाळेच्या नव्या इमारतीचा उद्‌घाटन समारंभ झाला. त्या वेळी जमलेल्या लोकांसमक्ष अंध मुलांनी सहा टिंबांत मजकूर लिहून व वाचून दाखविला. बंदी संपली.

६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, लुई ब्रेलचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी फ्रान्सने त्याच्या लिपीस मान्यता दिली. १९५२ साली त्याच्या अस्थी पॅरिसमधील पँथेऑन या राष्ट्रीय स्मारकात समारंभपूर्वक नेण्यात आल्या; त्याच्या हातांच्या अस्थी मात्र कूव्रे येथेच जपून ठेवल्या आहेत.

लुईची लिपी एका देशाची राहिली नाही. भारतात पूर्वी ठिकठिकाणी निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत. १९५१ साली त्या एक करून भारती ब्रेल सिद्ध झाली. तीत आपली मराठीही लिहिता येते. २००९ साली, ब्रेलच्या जन्मास दोनशे वर्षे झाली तेव्हा, भारत सरकारने त्याच्या स्मरणार्थ दोन रुपयांचे नाणे काढले. संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि २०१५ साली जगाच्या शाश्वत विकासाची ध्येये ठरविताना कोणासही मागे न ठेवण्याचा संकल्प केला. २०१९ पासून ४ जानेवारी हा लुईचा जन्मदिवस जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.

परंतु संकल्प कागदावर राहून भागत नाही. शाळा बांधली, पण अंध मुलास पुस्तक नाही; दवाखाना बांधला, पण चाकाच्या खुर्चीस आत जाण्यास उतार नाही; तर त्या प्रगतीत काही माणसे दाराबाहेरच राहतात. दुबळ्यांना केवळ दया दाखविल्याने ते सबळ होत नाहीत. त्यांना साधन द्यावे लागते, आणि ते साधन कसे असावे हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे लागते. एका अंध मुलाने आपल्या बांधवांची अडचण स्वतः अनुभवली, स्वतः तिचा उपाय शोधला आणि अवघ्या सहा टिंबांनी ज्ञानाचे बंद दार उघडले. हीच लुई ब्रेलच्या जीवनाची थोर शिकवण होय.