शिलालेखांचे सेवक जोव्हान्नी बात्तिस्ता द रोस्सी

ज्युबिलीनिमित्त आमच्या सिमेटरींतील कबरींवरील लेख उतरून घेण्याचें काम कांहीं स्वयंसेवकांनीं हातीं घेतलें आहे. ह्या कामीं ज्यांना गुरु मानावें, अशा एका सत्पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

द रोस्सी ह्यांचा जन्म इ. स. १८२२ सालीं रोम शहरीं झाला. येशूसंघीय फादर मार्की ह्यांच्या सहवासांत त्यांना कॅटॅकोंब नामक भूमिगत दफनस्थानांच्या अभ्यासाची गोडी लागली. १८४९ सालीं आप्पिया मार्गालगतच्या एका द्राक्षमळ्यांत त्यांना संगमरवराचा एक तुकडा आढळला. त्यावर नेलिउस मार्तिर एवढींच लॅटिन अक्षरें होतीं. प्राचीन यात्रेकरूंचीं मार्गवर्णनें ताडून, हें रक्तसाक्षी पोप संत कोर्नेलिउस ह्यांचें नांव, असें त्यांनीं ओळखलें. त्यांच्या विनंतीवरून पोप नववे पायस ह्यांनीं तो मळा विकत घेतला. १८५२ सालीं कबर सांपडली व लेखाचा उरलेला भागही तेथेंच मिळाला. १८५४ सालीं तिसऱ्या शतकांतील पोपांचें दफनगृहही उघडकीस आलें. रोमच्या ख्रिस्ती शिलालेखांच्या संग्रहाचा पहिला खंड त्यांनीं १८६१ सालीं पुरा केला. १८९४ सालीं ते प्रभुचरणीं विलीन झाले.

आमच्या सिमेटरींतही पावसानें कित्येक नांवें अर्धीं पुसलीं आहेत. तीं आहेत तशींच लिहून घ्यावीं. तर्कानें पुरीं करूं नयेत. आज उतरलेल्या अर्ध्या नांवास उद्यां कोणी नातू ओळखील, आणि मृतांच्या स्मरणदिनीं त्या आत्म्यासाठीं नांव घेऊन प्रार्थना होईल.